जिलेटने रेझर फुकट वाटले नव्हते

छोटे व्यावसायिक ग्राहक म्हणून मिळवायचे तर आधी काहीतरी फुकट द्या, असं सांगताना हमखास जिलेटचा दाखला येतो: रेझर फुकट वाटले, पात्यांवर कमावलं. हे खरं नाही. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा रेझर ५ डॉलरला होता, त्या काळी चांगलाच महाग. १९२१ मध्ये पेटंट संपायची वेळ आली, तेव्हा कुठे जुन्या धाटणीचा रेझर १ डॉलरवर आला.

फुकट देण्यात चूक नाही. पण रेझरला जसं पातं लागतंच, तशी फुकट दिलेल्या गोष्टीतून पुढची गरज दिसायला हवी. अकाउंटंट एका महिन्याचा हिशेब मोफत तपासून चुका दाखवतो, तेव्हा दुकानदाराला उरलेले अकरा महिने आठवतात. डायऱ्या-पेनं वाटून हे होत नाही. माझ्या मते तो खर्च वायाच.