'अब्दुल' : अर्ध्यावर तुटलेलं नाव

'रामदास' नावाच्या माणसाला कुणी नुसतं 'चा दास' म्हणून हाक मारली तर कसं वाटेल? 'अब्दुल'चं तेच झालं आहे. 'अब्द' म्हणजे दास, 'उ' ही अरबी विभक्तीची खूण आणि 'ल' हे पुढच्या शब्दाचं उपपद, इंग्रजी 'the'सारखं. म्हणजे 'अब्दुल' हे नाव नाही, नावाचा तुटका भाग आहे. 'अब्दुल्ला' मात्र पूर्ण आहे. प्रतापगडाखाली मारल्या गेलेल्या अफजलखानाचं मूळ नाव 'अब्दुल्ला' सांगतात, ते व्याकरणाला धरूनच.

ही घडण इस्लामच्याही आधीची. अरबस्तानात 'अब्द शम्स', म्हणजे सूर्याचा दास, असं नाव होतं. पुढे मुसलमानांत 'अब्द'नंतर अल्लाहच्या गुणनामांपैकी एक लावायची रीत पडली. अरब ख्रिस्ती आजही 'अब्द अल्-मसीह', म्हणजे ख्रिस्ताचा दास, असं नाव ठेवतात. 'अब्दुन्नबी', म्हणजे पैगंबराचा दास, हे नाव चालतं की नाही यावर उपखंडात पंथापंथांत वाद आहे. 'गुलाम नबी'बद्दलही तोच.

उच्चाराची गोम अशी: अरबीच्या 28 अक्षरांपैकी 14 'सूर्याक्षरं'. त्यांच्याआधी उपपदाचा 'ल' लिहितात, पण उच्चारत नाहीत. पुढचं अक्षर दुप्पट होतं. म्हणून अब्दुर्रहमान, अब्दुस्सत्तार; पण अब्दुलकरीम. आपल्याकडचं 'अब्दुल सत्तार' हे लिपीबरहुकूम वाचल्यामुळे आलं. उलट टोकाची चूक म्हणजे नुसतं 'रहमान' म्हणणं. करीम, रशीद, लतीफ ही विशेषणं माणसालाही लागतात. 'रहमान' फक्त ईश्वराला, म्हणून जाणकार त्याला हरकत घेतात.

खरा घोळ घातला तो पासपोर्टच्या दोन रकान्यांनी. आडनाव नसलेल्या घरात 'अब्दुल' नावाच्या रकान्यात जातं आणि 'रहमान' आडनावाच्या. मग भाऊ 'अब्दुल करीम' असेल तर सख्ख्या भावांची आडनावं वेगळी. हे टाळायला काहींनी 'अब्दुर्रहमान' सलग लिहून आडनावाचा रकाना कोरा ठेवला. भारतात तो कोरा चालतो.

21 नोव्हेंबर 2022 पासून मात्र संयुक्त अरब अमिरातींनी एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा नाकारायचं ठरवलं. म्हणजे अरबी व्याकरणाने बिनचूक असलेलं नाव अरबी देशाच्याच दारात अडणार, आणि मोडून लिहिलेलं 'अब्दुल' - 'रहमान' सुटणार! सुरक्षा, ओळखपडताळणी ही कारणं असतील; पण भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव छापलेलं असताना हा नियम घाईचा होता. काही दिवसांतच खुलासा आला: दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल.

नवीन पासपोर्ट काढताना नावाच्या रकान्यात 'अब्दुर्रहमान' सलग आणि आडनावाच्या रकान्यात घराण्याचं किंवा वडिलांचं नाव, हीच मांडणी बरी. फक्त शाळेचा दाखला, आधार आणि विमानाचं तिकीट यांवर अक्षरन् अक्षर तेच हवं. एका ठिकाणी 'अब्दुल रहमान' आणि दुसरीकडे 'अब्दुर रहमान' असलं की विमानतळावरच्या खिडकीशी खोळंबा ठरलेला.