घरी सुरी बनवायची तर ऐरण लागत नाही, पोलाद समजून घ्यावं लागतं

घरी सुरी बनवायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर भट्टी, ऐरण आणि घण येतो आणि विषय तिथेच संपतो, कारण फ्लॅटमध्ये ऐरण ठेवणार कुठे. पण ठोकूनच आकार द्यायला हवा असं अजिबात नाही. पट्टी हॅक्सॉने कापायची, कानशीने घासत उतार काढायचा, मुठीच्या पिनांसाठी ड्रिलने भोकं पाडायची, एवढ्यावर झकास सुरी होते. वेळ लागतो, हात भरून येतात, पण होते. आकार हे मेहनतीचं काम आहे, सुरी चांगली की वाईट हे ठरतं ते नंतर, पात्याला ताव देऊन पाणी पाजताना, म्हणजे लाल तापवून झटक्यात थंड करताना.

आधी पोलाद. हार्डवेअरच्या दुकानातली साधी एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलादाची) पट्टी घेऊ नका, तिच्यात कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो, ती कितीही तापवून बुडवा, धार टिकण्याइतकी कडक होत नाही. स्टेनलेसला १००० अंशांच्या वर आणि तेही मोजूनमापून तापवावं लागतं, त्यामुळे ते घरी नकोच. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी त्यातूनच कोयते काढतात, पण तो पाटा कानशीने पातळ करणं म्हणजे जीव काढणारं काम. चांगल्या प्रतीच्या जुन्या कानशीत कार्बन १ टक्क्याच्या वर असतो, फक्त ती आधी लाल करून राखेत पुरून हळूहळू थंड करावी लागते, नाहीतर कानशीवर कानस चालणार कशी. नवीन पट्टी विकत मिळत असेल तर १०८४ ग्रेड बघा, कार्बन ०.८४ टक्के, नवशिक्यासाठी मला तरी यापेक्षा चांगलं काही वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

लोखंडाचे अणू थंडपणी अशा रचनेत असतात की त्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते, म्हणून कार्बन लोखंडाशी संयुग करून वेगळा राहतो. साधारण ७२७ अंशांच्या वर ही रचना पालटते, अणू वेगळ्या पद्धतीने रचले जातात आणि कार्बन त्यात विरघळतो, या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास असेल तर हा बदल जवळपास एकाच तापमानाला उरकतो, त्यामुळे पातं मिनिटंच्या मिनिटं अचूक तापमानावर धरून ठेवावं लागत नाही, जे घरगुती भट्टीत जमणं कठीणच. आता हे हळू थंड केलं तर कार्बन सावकाश बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. पण झटक्यात थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो, अख्खी रचना ताणली जाते, अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, आणि यालाच आपण कडकपणा म्हणतो. या रचनेचं नाव मार्टेन्साइट, जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून.

मग तापमान मोजायचं कसं? चुंबकाने. ऑस्टेनाइट चुंबकाला चिकटत नाही. जुन्या स्पीकरचा मॅग्नेट तारेला बांधा आणि अधूनमधून पात्याला लावून बघा, ओढ संपली की रंग अजून थोडा उजळू द्यायचा, म्हणजे साधारण ८१५ अंश. हे काम संध्याकाळी, सावलीत करा, उन्हात लाल रंग फसवतो. आणि नीट बघितलंत तर आणखी एक गोष्ट दिसते जी मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात सुंदर वाटते, तापताना पात्यावरून एक काळसर सावली सरकत जाते, कारण रचना पालटताना पोलाद उष्णता शोषून घेतं आणि तेवढा भाग तापायचा थांबतो, सावली गेली की तिथला बदल झाला. म्हणजे अणूंची हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसते!

जास्त तापवलंत तर मात्र पोलादाचे कण मोठे होतात. असं पातं मोडलं की आतून खडीसाखरेसारखं भरड दिसतं, बरोबर तापलेलं पिठीसाखरेसारखं बारीक.

भट्टीसाठी उष्णतारोधक विटा आणि गॅसचा ब्लोटॉर्च, किंवा कोळसा आणि पाइप लावलेला हेअर ड्रायर पुरतो, पण उघड्यावरच, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

बुडवायचं तेलात, पाण्यात नाही. पाणी इतकं झटक्यात थंड करतं की पातळ धार तडकते. कुठलंही पातळ खाद्यतेल ५० अंशांपर्यंत कोमट करा, कोमट तेल जास्त पातळ होतं आणि उष्णता लवकर ओढतं. पातं सरळ खाली घालून पुढे-मागे हलवा, आडवं हलवलंत तर वाकतं. या पोलादाला ५४० अंशांच्या खाली जायला साधारण एकच सेकंद मिळतो, म्हणून तेलाचा डबा भट्टीला खेटूनच हवा. डबा धातूचा, वर घट्ट झाकण, कारण तेल पेट घेऊ शकतं आणि तेलाच्या आगीवर पाणी ओतायचं नसतं.

थंड झाल्यावर कानस फिरवा, ती चावली नाही, घसरली तर जमलं. वरचा थर कार्बन जळाल्याने मऊ असू शकतो, तो थोडा घासून मग बघा.

आता पातं कडक आहे पण भयंकर ठिसूळ, फरशीवर पडलं तरी तुकडा उडेल, म्हणून लगेच ओटीजीत (घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. ओटीजीचा काटा बऱ्याचदा चुकीचा असतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये ठेवा म्हणजे तापमान वरखाली होत नाही. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर फिका पिवळा रंग आला पाहिजे, तो वरच्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे दिसतो. निळा आला तर ३०० च्या आसपास गेलात, स्वयंपाकाच्या सुरीसाठी ते फार मऊ.

मग शिसवाची मूठ, इपॉक्सी, पितळी पिना आणि निसण्यावर धार. लाकूड आणि पोलाद घासताना मास्क आणि चष्मा घालाच. वापरताना धारेचे कण उडायला लागले तर १० अंश वाढवून पुन्हा ओटीजीत घाला. धार दुमडत असेल तर मात्र ओटीजीचा उपयोग नाही, परत तापवून तेलापासून सुरुवात.