ऑक्टोपसचं पिल्लू जेवलं काय?

ऑक्टोपस म्हटलं की लोकांना अजून २०१० च्या वर्ल्ड कपवाला पॉलच आठवतो. जर्मनीतल्या मत्स्यालयात दोन डबे, दोन्हीत एकेक शिंपला, तो ज्या डब्यातला खाईल ती टीम जिंकणार, आणि आपले चॅनेलवालेपण त्यात दंग. अरे बाबांनो, तो बिचारा जेवायला आला होता! मला तर त्याच्या भविष्यापेक्षा त्याच्या जेवणातच जास्त इंटरेस्ट आहे, त्यातून पिल्लांच्या.

कॉमन ऑक्टोपसचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम साबुदाण्याएवढं असतं, काचेसारखं आरपार, प्रत्येक हाताला फक्त तीन चूषक (चिकटून धरायच्या वाट्या). पण शिकार धरतं, चावतं, आत लाळ सोडतं, मांस विरघळलं की शहाळ्यासारखं ओढून घेतं आणि कवच टाकून देतं. कोणी काय खाल्लं ते पोटात बघायचं, तर माशाच्या पोटात निदान काटे-खवले तरी मिळतात, इथे मायक्रोस्कोपखाली नुसतं सूप.

स्पेनच्या विगो खाडीबाहेर २००८ मध्ये पकडलेल्या पिल्लांच्या बाबतीत हेच झालं, मग संशोधकांनी त्या सुपातला डीएनए वाचायचा ठरवला. पण खरी गंमत (आणि डोकेदुखी) पुढे आहे. सुपात शिकारीचा डीएनए चिमूटभर, तोही पचून तुकडे झालेला, बाकी सगळा पिल्लाचा स्वतःचा. पीसीआरमध्ये (डीएनएच्या कॉप्या काढायची पद्धत) दर फेरीला कॉपी दुप्पट होते, ३० फेऱ्यांत एकाच्या १०७ कोटी, म्हणजे सरसकट सगळं वाढवलं तर हाती येणार ऑक्टोपसच. म्हणून खुबी प्रायमरमध्ये. प्रायमर म्हणजे डीएनएचा छोटासा तुकडा, तो जिथे जुळून चिकटतो तिथूनच कॉपी सुरू होते. यांनी कवचधारी (खेकडा-कोळंबीसारखे) आणि मासे यांच्याच डीएनएला चिकटतील असे प्रायमर घेतले, ऑक्टोपसवर ते बसतच नाहीत, मग त्याच्या कॉप्या वाढणार कुठून? जीन निवडला मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) १६एस नावाचा, कारण पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, पचनातून एखादी तरी वाचते. त्याचा काही भाग नातेवाईक प्रजातींत जवळपास सारखा, प्रायमर तिथे बसतो, आणि मधली अक्षरं प्रजातीप्रमाणे बदलतात, ती डेटाबेसशी ताडून नाव काढायचं.

त्यांच्या २०१२ च्या पेपरमध्ये निघालं काय, तर मुख्यतः खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातले जीव, शिवाय क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) आणि थोडे मासे. हॅचरीत (पिल्लं वाढवायच्या केंद्रात) या पिल्लांना बरेचदा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कवचधारी) देतात आणि ती पटापट मरतात, त्यामुळे हा मेनू कामाचा. फक्त एक घोळ आहे. मासा पिल्लाने स्वतः खाल्ला, की त्याने खाल्लेल्या खेकड्याच्या पोटात तो आधीच होता, हे डीएनए सांगत नाही.