फिल्मसफाई रोलर

रिळांवरची फिल्म दाखवणाऱ्या चित्रपटगृहाच्या प्रोजेक्शन केबिनमध्ये फिल्मवरची सुटी धूळ उचलून घेणारे, चिकट पृष्ठभागाचे रोलर. कोडॅकने विकसित केलेले हे रोलर मऊ पॉलियुरेथेनचे असतात. चिकटपणा त्या पदार्थाचाच असतो, वर गोंद लावलेला नसतो. म्हणून धूळ रोलरवर येते आणि फिल्मवर काही उरत नाही. फिल्मच्या दोन्ही बाजू रोलरांना टेकून जातील अशी त्यांची मांडणी असते. प्लॅटर (सगळी रिळे जोडून फिल्म आडवी ठेवणारी मोठी फिरती थाळी) असेल तर रोलर प्लॅटर आणि प्रोजेक्टर यांच्या मध्ये बसवतात. रीळ बदलून खेळ चालवणाऱ्या केबिनमध्ये रिवाइंडिंगच्या टेबलावरही चालतात. हे नसतील तिथे ऑपरेटर मखमली कापडाच्या घडीतून फिल्म ओढून घेतो. त्याने धूळ निघते खरी, पण घडीत अडकलेला एखादा कण पुढची सगळी फिल्म ओरबाडत नेतो.

35 मिमी फिल्मवरचे चित्र जेमतेम 21 मिमी रुंद असते. 10 मीटरच्या पडद्यावर ते साडेचारशे पटींहून मोठे होते, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण तिथे साडेचार सेंटीमीटरचा डाग होऊन बसतो. गेटमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या ज्या चौकटीतून फिल्म दिव्यासमोरून जाते तिथे, अडकलेला कण तर रेघच मारतो. ओरखडा फिल्मच्या पाठीवर असेल तर पडद्यावर काळी रेघ दिसते. इमल्शनवर, म्हणजे चित्र असलेल्या थरावर, असेल तर रंगाचा वरचा थर निघून हिरवी रेघ उमटते, आणि ती कोणत्याही सफाईने जात नाही.

मराठवाड्यात ही काळजी जास्तच घ्यावी लागते. हा पर्जन्यछायेचा मुलूख. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या मातीची बारीक धूळ दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येते, आणि जालना-परभणीकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. कोरड्या हवेत स्थिर वीज लवकर साठते. 1990 च्या दशकात रुळलेल्या पॉलिएस्टर प्रिंट तर ही धूळ अक्षरशः ओढून घेतात.

मिनिटाला 90 फूट या वेगाने अडीच तासांच्या खेळात चार किलोमीटरहून जास्त फिल्म या रोलरांवरून जाते. तेवढ्या लांबीची धूळ त्यांच्यावर साठते. न धुतलेला रोलर नसलेला बरा, कारण चिकटपणा संपला की तो उचललेली घाण पुढच्या रिळावर परत ठेवतो. म्हणून चकाकी जाऊन पृष्ठभाग राखाडी दिसू लागण्याची वाट न पाहता तो धुवावा.

धुण्याची रीत साधी आहे. रोलर दांडीवरून काढून कोमट पाण्याखाली धरायचा, सौम्य साबणाचे दोन थेंब घेऊन बोटांनीच हलके चोळायचा आणि साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळून घ्यायचा. फडक्याने पुसायचा नाही. फडक्याचे तंतू लगेच चिकटतात. बोअरच्या जड पाण्याने क्षारांचा पांढरा थर राहतो, म्हणून शेवटचे धुणे आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याचे असावे. मग कशालाही न टेकता, दांडीवर उभा ठेवून सावलीत वाळवायचा. पूर्ण वाळल्याशिवाय तो फिल्मला लागता कामा नये. स्पिरिट, पेट्रोल, थिनर अजिबात नको. रोलरांचे दोन संच असले तर एक वाळत असताना दुसरा चालतो. हा खर्च टाळू नये.

रोलरवर तेलकट पट्टा दिसला तर दोष रोलरचा नसतो. प्रोजेक्टरच्या गिअरबॉक्समधून तेल गळून फिल्मवर येत असते. आधी ती गळती बंद करावी लागते. रोलर बोटाने हलवून मोकळा फिरतो का, हेही खेळाआधी पाहावे. अडकलेल्या रोलरवरून फिल्म घासत जाते आणि जे टाळायचे तेच घडते. भेगा पडलेला, किंवा धुऊनही चिकटपणा न येणारा रोलर बदलावा. वापरात नसलेले रोलर एकमेकांना चिकटणार नाहीत असे झाकून, उन्हापासून दूर ठेवावेत.