दोन दिवस शिकवायचं नाही! नाट्यशिक्षकांच्या वीकेंड रिट्रीटबद्दल, यायचं ठरवण्याआधी वाचून घ्या

नाटक शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला नाटक करणं फारसं येतच नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी गंमत आहे. वर्षभर तुम्ही गोल करा म्हणता, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे म्हणता, प्रेक्षकांकडे पाठ नको म्हणता, मधेच कुणीतरी रुसून बसलंय त्याची समजूत काढता, पाठांतर झालं नाही म्हणून ओरडता आणि मग ओरडल्याचं वाईट वाटून घेता, आणि या सगळ्यात स्वतः शेवटचं कधी एखाद्या भूमिकेत शिरला होतात हे आठवायला डोकं खाजवावं लागतं. रिट्रीटची चौकशी करणारे बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात, की नवीन गेम्स मिळतील ना? मिळतील थोडे. पण खरं सांगू का, गेम्सची टंचाई कुणालाच नसते, वहीत पन्नास-साठ तरी उतरवून ठेवलेले असतातच. आम्ही फक्त तेच गेम तुम्हाला दुसऱ्या बाजूने खेळायला लावतो. हे पत्रक एवढ्यासाठीच, की नक्की काय होणार ते आधी कळावं आणि नंतर "अहो, आम्हाला वाटलं होतं वर्कशॉप असेल, नोट्स मिळतील" असं व्हायला नको. नोट्स मिळत नाहीत.

स्टॅनिस्लावस्की या रशियन नट-दिग्दर्शकाचं नाव तुम्ही वर्गात किती वेळा घेतलं असेल. त्याच्याबद्दलची एक गोष्ट आम्ही प्रत्येक बॅचला सांगतो, कारण आमचं सगळं काम त्यात आलं. १९०६ सालच्या उन्हाळ्यात हा माणूस फिनलंडला सुट्टीवर गेला होता, वय ४३, त्याचं मॉस्को आर्ट थिएटर सुरू होऊन आठ वर्षं झालेली, युरोपचा दौरा गाजवून आलेला. आणि तिथे समुद्राकाठच्या खडकावर बसून तो विचार काय करत होता, तर आपल्याला स्टेजवर आता काहीच वाटत का नाही. इब्सेनच्या नाटकातला डॉ. स्टॉकमन ही त्याची लाडकी भूमिका, पण त्याच्या लक्षात आलं की हातवारे सगळे जागच्या जागी आहेत, चाल तीच, बोटं तशीच पुढे येतात, आणि ज्या गोष्टीमुळे ते हातवारे सुरुवातीला सुचले होते ती आतली गोष्टच उडून गेलीय. पुढे त्याने जी पद्धत बांधली तिचं मूळ या कंटाळ्यात आहे. आता हे शिक्षकाला लावून बघा. "व्वा, छान! अजून थोडी एनर्जी!" हे वाक्य तोंडातून बाहेर पडतं तेव्हा आपण समोरच्या मुलाकडे खरंच बघितलेलं असतं का? आमच्याकडून तर नसायचं, आम्ही सगळे याच लायनीतून आलोय.

कोण येऊ शकतं

शाळेत, क्लासमध्ये, कॉलेजच्या ग्रुपला किंवा हौशी मंडळींना नाटक शिकवणारं कुणीही. अनुभव किती ते आम्ही विचारत नाही. भाषेचे शिक्षक ज्यांच्या गळ्यात नाटक आपोआप पडलंय ("तुम्ही छान बोलता ना, मग तुम्हीच बसवा") त्यांनी तर नक्की यावं. ज्यांना ऑडिशनची तयारी करायची आहे त्यांनी मात्र येऊ नका, चिडचिड होईल, इथे तुमच्या अभिनयाला कुणी मार्क देणार नाही. एका बॅचला जास्तीत जास्त १६ जण घेतो. जोड्या पडतात, चौघांचे गट पडतात, आणि एका गोलात उभं राहिलं की प्रत्येकाला प्रत्येकाचे डोळे दिसतात. वीस झाले की कोणीतरी मागे लपतो, आणि लपणारा हमखास सगळ्यात सिनियर असतो.

शुक्रवार संध्याकाळ

ओळख करून देताना कुठे शिकवता, किती वर्षं, कोणते पुरस्कार हे काही बोलायचं नाही. नाव आणि एक हालचाल, बाकीचे सगळे ती जशीच्या तशी करून दाखवणार, बस. फोन बास्केटमध्ये (घरी काही अडचण असेल तर सांगा, तुमचा तुमच्याजवळ राहील). त्या दिवशी यापेक्षा जास्त काही घेत नाही, कारण आठवड्याचं टाइमटेबल डोक्यातून उतरायलाच एक रात्र जाते.

आमच्या पहिल्या बॅचला आम्ही हे शहाणपण दाखवलं नव्हतं. दोन दिवसांत अकरा सेशन कोंबले होते, लोकांना पुरेपूर मिळालं पाहिजे या हौसेपायी. रविवारी दुपारी दोन जण विंगेत पडद्याच्या मागे गाढ झोपलेले सापडले आणि त्यांना उठवायला गेलेला आमचा माणूसही तिथेच बसला तो परत आला नाही. आता एकूण सहा सेशन आहेत. मधला रिकामा वेळ हा खरंच रिकामा आहे, त्यात सरप्राइज अ‍ॅक्टिव्हिटी वगैरे काही नाही.

शनिवार

सकाळी आवाज. हे सेशन कुणाला ग्लॅमरस वाटत नाही पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो, कारण शिक्षकी पेशात आवाजाच्या तक्रारी भरपूर असतात आणि तालमी घेणाऱ्यांच्या तर विचारूच नका. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आपटतात, बाईच्या आवाजात साधारण २०० वेळा आणि पुरुषाच्या आवाजात १०० ते १२०, आता तीन तास तालीम घेतल्यावर किती टाळ्या झाल्या त्याचा हिशोब तुम्हीच करा. स्ट्रॉचा व्यायाम करतो तो असा, ग्लासात थोडं पाणी घ्यायचं, स्ट्रॉचं टोक दोनेक सेंटिमीटर पाण्यात बुडवायचं आणि तिच्यातून "ऊऊ" असा आवाज काढत बुडबुडे येऊ द्यायचे, हळूहळू सूर खाली-वर न्यायचा. तोंडाकडून उलटा दाब तयार होतो त्यामुळे स्वरतंतू जोरात न आपटता कंप पावतात. सोळा मोठी माणसं ग्लासात गुडगुड करताना बघणं हा एक वेगळाच कार्यक्रम आहे. आणि हो, घसा बसल्यावर कुजबुजत बोलणं म्हणजे घशाला आराम हा समज इथेच सोडून जा, ताण देऊन कुजबुजलं तर उलट त्रास होतो, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. सारखं खाकरायची सवय असेल तर खाकरायच्या जागी पाण्याचा घोट.

मग आरसा. तुम्ही म्हणाल हे काय, आरसा तर पहिल्याच दिवशी घेतो आम्ही मुलांचा. बरोबर. समोरासमोर दोघं, एक हलणार, दुसरा त्याचं प्रतिबिंब. व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोमध्ये मुलांबरोबर काम करताना असे खेळ रचले. त्यांच्याकडे येणाऱ्यांत स्थलांतरितांची मुलं बरीच, समोर उभं राहून अभिनयावर भाषण देऊन तिथे काही झालं नसतं, म्हणून खेळच शिकवेल अशी रचना. आम्ही या खेळाचा पुढचा टप्पा करतो, ज्यात कुणीच पुढारी नाही, दोघंही फक्त समोरच्याच्या मागे जायचं. शिक्षकांना हे भयंकर जड जातं! एका बॅचमध्ये एक मॅडम होत्या, पंचवीसेक वर्षं शिकवलेल्या, हात अगदी बरोबर चालले होते त्यांचे, पण भुवया समोरच्याला सूचना देत होत्या. समोरच्याचा कोपर जरा खाली गेला की यांची डावी भुवई वर. समोरचे सर बिचारे भुवई बघून कोपर वर घेत होते. चार मिनिटांनी मॅडमच्याच लक्षात आलं आणि त्या खाली बसून हसत सुटल्या, म्हणाल्या, "अहो, मी घरीपण असंच करते." त्यांच्यासाठी सगळा वीकेंड त्या भुवईतच वसूल झाला असं त्यांनीच जाताना सांगितलं.

दुपारी स्टेटसचा खेळ. कीथ जॉनस्टन यांची ही कल्पना, ते आधी लंडनमध्ये शाळामास्तर होते आणि नंतर थिएटरमध्ये आले. त्यांचं म्हणणं असं, की स्टेटस म्हणजे तुमचं पद नाही, तुम्ही त्या क्षणी काय करता ते. नोकरही राजाला वरचढ ठरू शकतो. प्रत्येकाच्या कपाळावर पत्त्यातलं एक पान लावतो, आपलं आपल्याला दिसत नाही, बाकीचे कसे वागतात त्यावरून ओळखायचं की आपण दुर्री की राजा. वर्गात तुम्ही कायम राजा असता त्यामुळे दुर्री मिळाली की माणसं आधी गोंधळतात, मग खुश होतात, कुणी कुणी रडतंही, तेही चालतं.

संध्याकाळी काही नाही. चक्कर मारा, झोपा, गप्पा मारा.

रविवार

सकाळी डोरोथी हीथकोट यांच्या पद्धतीने काम. कापडगिरणीत काम करत मोठी झालेली ही बाई पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना नाटकाचा वापर शिकवू लागली. गाभा एवढाच, की शिक्षकाने बाहेर उभं राहून सूचना देण्याऐवजी गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, आणि शक्यतो असं पात्र ज्याला काही माहीत नाही. "मला हा नकाशा वाचता येत नाही हो, तुमच्यापैकी कुणाला येतो का?" एवढं म्हटलं की समोरचे जाणकार होतात आणि तुमच्या हातातला खडू आपोआप त्यांच्याकडे जातो. ऐकायला सोपं, करताना कळतं की आपल्याला "माहीत नाही" म्हणणं किती अवघड आहे.

नंतर फोरम थिएटर, ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांचं. त्यांनी स्वतः सांगितलेला किस्सा आहे पेरूमधला, प्रेक्षकातली एक बाई नटांना सुचवत होती की असं करा, नट करून दाखवत होते, तिचं समाधान होईना, शेवटी ती स्वतःच स्टेजवर आली. तेव्हापासून प्रेक्षकाने "थांबा" म्हणायचं आणि येऊन स्वतः करून बघायचं. आमच्याकडे प्रसंग तुमच्याच आयुष्यातले असतात. मुख्याध्यापक म्हणतात वर्गातली साठच्या साठ मुलं स्टेजवर दिसली पाहिजेत. पालक म्हणतात माझ्या मुलाला डायलॉग का नाही. कार्यक्रमाला आठ दिवस राहिलेत आणि हॉल दुसऱ्याच कामाला दिलाय. उत्तर मिळतंच असं नाही, पण एका प्रसंगावर सात जणांनी सात तऱ्हेने भांडून बघितलं की आपण दरवेळी एकाच तऱ्हेने हरत होतो हे तरी कळतं.

शेवटच्या सेशनला प्रत्येकाने स्वतःचा एखादा जुना व्यायाम दहा मिनिटांत इतरांवर करायचा. ऐकणाऱ्यांनी फक्त "मला हे दिसलं" एवढंच सांगायचं, "असं करायला हवं होतं" हे वाक्य बंद. भरताच्या नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार तुम्हाला पाठच असतील, आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावाचा). या दहा मिनिटांत हमखास दिसतं की आपला बहुतेक वेळ वाचिकात जातो, शेवटचे दोन दिवस आहार्यात (कुणाची मिशी कुठे गेली) आणि सात्त्विकाला कुणी वेळच देत नाही.

थोडं कामाचं

सैल कपडे, ज्यात जमिनीवर बसता-लोळता येईल. गुडघे, पाठ, घसा, कशाचंही दुखणं असेल तर फॉर्मवर लिहा, प्रत्येक व्यायामाचा बसून करायचा प्रकार आमच्याकडे आहे. कुठल्याही खेळाला नाही म्हणता येतं, कारण सांगावं लागत नाही. फोटो-व्हिडिओ आम्हीही काढत नाही, तुम्हीही काढायचे नाहीत. हजेरीचं पत्र हवं असेल तर देतो, ग्रेड-बिड काही नसते. एकाच शाळेतले दोघं येत असाल तर चांगलंच, फक्त जोडी एकमेकांशी लावणार नाही.

फॉर्मवर नाव, फोन याच्याखाली एकच प्रश्न आहे: कुठला व्यायाम घ्यायचा आता मनापासून कंटाळा आलाय? तोच रविवारी घेऊन यायचा आहे. काही सुचलं नाही तर रकाना रिकामा ठेवा, शुक्रवारी गोलात उभं राहिलात की आठवेल.