कुमरी (घोड्यांचा रोग)

कुमरी हा घोड्यांच्या मज्जारज्जूला आणि क्वचित मेंदूला इजा करणारा परजीवीजन्य रोग असून तो भारत, श्रीलंका, जपान अशा आशियाई देशांत आढळतो. हे नाव कंबर या अर्थाच्या ‘कमर’ या फारसी शब्दाशी निगडित आहे. खानापूरच्या जंगलपट्टीत फिरत्या शेतीलाही कुमरी म्हणत, परंतु तो शब्द वेगळा.

रोगाचे कारण सेटेरिया डिजिटाटा हा दोऱ्यासारखा पांढरा गोलकृमी होय. त्याचे खरे घर गाईबैलांची व म्हशींची उदरपोकळी. तेथे तो वाढतो, त्याची सूक्ष्म पिल्ले रक्तात उतरतात आणि त्या जनावरांना सहसा काही त्रास होत नाही. डासाने ते रक्त शोषले की त्याच्या शरीरात ही पिल्ले सुमारे दोन आठवड्यांत वाढून संसर्गक्षम होतात, आणि पुढे तोच डास घोड्याला, मेंढीला किंवा शेळीला चावला, तर अळ्या परक्या शरीरात भरकटून मज्जारज्जूत शिरतात. तेथे एखादीच अळी फिरली तरी तिच्या वाटेवरचे चेतातंतू नष्ट होतात.

बेळगाव सीमाभागात या साखळीचे सगळे दुवे जवळजवळ असतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडे म्हशींच्या गोठ्यालगतच घोडा बांधलेला दिसतो, तर धनगरांचे बिऱ्हाड वाहणारी तट्टे मेंढरांच्या तळाशेजारी रात्र काढतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात डास वाढले की धोका वाढतो.

घोडा चारा नीट खातो, सहसा ताप नसतो. पण मागचे पाय लटपटतात, खुराचे टोक जमिनीवर घासते, वळवताना मागचा भाग डुलतो आणि कधी तो अचानक खाली बसतो तो उठतच नाही. ही लचक समजून कंबरेवर डाग देतात, त्याने अळीचे काही बिघडत नाही, मुक्या जनावराला यातना मात्र होतात आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. घोड्यात कृमी सहसा पूर्ण वाढत नसल्याने रक्ततपासणीत पिल्ले सापडतीलच असे नाही. अशीच लक्षणे दिसू शकणाऱ्या सर्रा (चावऱ्या माश्यांतून पसरणारा रक्तातील परजीवींचा रोग), रेबीज व मणक्याची दुखापत यांचाही विचार पशुवैद्य करतात. रेबीजची शंका असेपर्यंत घोड्याच्या तोंडात हात घालू नये.

डायइथाइलकार्बामाझिन किंवा आयव्हरमेक्टिन ही कृमिनाशके आणि सूज उतरवणारी औषधे लवकर दिल्यास उपयोग होऊ शकतो; नष्ट झालेले चेतातंतू मात्र भरून येत नाहीत. बसलेल्या घोड्याला जाड बिछायत घालून वारंवार कूस बदलावी लागते. घोड्याची दावण गोठ्यापासून दूर ठेवणे, साचलेले पाणी काढून टाकणे आणि तिन्हीसांजेपासून मच्छरदाणी किंवा कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करणे, हे उपाय घरच्या घरी करता येतात.