बाळाची जीभ घास बाहेर का ढकलते?

भाचीचं उष्टावण पाचव्या महिन्यात उरकलं. मुलीचं विषम महिन्यात, मुलाचं सम महिन्यात, असा दंडक. मी मामा, त्यामुळे बाळ माझ्या मांडीवर. चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने जिभेला लावली आणि पुढच्या क्षणी ती हनुवटीवर ओघळली. "गोड आवडत नाही वाटतं हिला," आजी म्हणाली.

आवडीचा इथे काही संबंध नव्हता. जिभेच्या पुढच्या भागाला दुधाखेरीज काही लागलं की ते बाहेर लोटायचं, ही प्रतिक्षिप्त क्रिया बाळ जन्मतःच घेऊन येतं. कवटीतून चेतांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, १२ जोड्या निघतात. त्यांतली पाचवी स्पर्शाची वर्दी मेंदूच्या बुंध्यापर्यंत नेते आणि बारावी तिथूनच जिभेच्या स्नायूला हुकूम आणते. मोठ्या मेंदूला कुणी विचारतच नाही. मग स्तनाग्र कसं बाहेर ढकललं जात नाही? कारण दूध ओढताना ते ताणलं जाऊन पार मागे, कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो त्याच्या आसपास पोचतं. दूध मागेच पडतं आणि तिथून गिळलं जातं. आपला चमचा मात्र घास नेमका पुढे, पहारेकऱ्याच्या हातात नेऊन ठेवतो.

साधारण ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान मोठा मेंदू जिभेवर ताबा मिळवू लागतो. पहारा सैलावतो, जीभ घास मागे न्यायला शिकते. हे कुठल्या आठवड्यात घडेल ते पंचांगात सापडत नाही, आणि मुलगा-मुलगी बघूनही ठरत नाही.

सुमारे ६ महिने झाले, मान स्थिर आहे, टेकू दिला की बसतंय, हातातली वस्तू नेमकी तोंडात जातेय आणि घास आत राहतोय, तर बाळ तयार आहे. घास पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर काही दिवस थांबून परत बघावं. दातांची वाट बघू नये, मऊ भात हिरड्यांनीही चिरडता येतो. रात्री उठतं, मुठी चोखतं, एवढ्यावर मात्र घाई नको. पण फार लांबवूही नये. जन्मापासून साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधात ते अगदी थोडं असतं.

आता वरणाच्या पाण्याबद्दल. ७ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावतं, ते पाण्याने का भरायचं? चमचा कलता केला तरी ओघळणार नाही इतपत दाट, तूप घातलेला वरणभात कुस्करून द्यावा. मध मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत चाटवूसुद्धा नये. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. आमच्या खिरीत तो नव्हता, साखर होती, आणि ती सगळी माझ्या झब्ब्यावर आली.